गडावर जाण्यापूर्वी चार घरे

वाचकहो, मागील अंकी आपण दौत, टाक आणि कित्ता यांच्या गोष्टी केल्या. या महिन्यात एका प्रवासाची हकीकत निवेदन करावयाची आहे. पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत पायी चालण्याचा योग मला सन २०२३ च्या जुलैत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आला. परंतु आज मी आपणास त्या चालीचे वर्णन ऐकविणार नाही. ते तरुण मंडळी अधिक उत्साहाने करतात, आणि त्यांच्यापाशी छायाचित्रेही असतात. मला सांगावयाचे आहे ते त्या चालीच्या आधीच्या चार दिवसांविषयी. डोंगरावर जाणारा मनुष्य बूट, काठी, पाठीवरची सॅक यांची सिद्धता करतो. परंतु याहून निराळी अशी एक सिद्धता असते आणि तिचे सामान कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती मजकडून माझ्या घरच्या मंडळींनी करवून घेतली; आणि खरे सांगावयाचे तर आरंभी मी ती निम्म्या मनाने केली.

माझी पुतणी कोल्हापुरास एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकविते. दर वर्षी आषाढात ती आपल्या दहा-बारा सहकाऱ्यांसह पन्हाळा ते पावनखिंड ही सुमारे ५० किलोमीटरची वाट दोन दिवसांत चालते. १२ जुलै १६६० च्या रात्री, सिद्दी जौहरचा सुमारे चार महिन्यांचा वेढा चुकवून, शिवाजी महाराज भर पावसात विशाळगडाकडे निघाले आणि पाठलागावर आलेल्या फौजेस बाजीप्रभू देशपांडे व बांदलांची माणसे यांनी घोडखिंडीत अडवून धरले, तीच ही वाट. घोडखिंडीस पुढे पावनखिंड हे नाव पडले. संस्कृताबरोबर इतिहासाचेही तास मजकडे असत, त्यामुळे हा प्रसंग मी तीस-बत्तीस वर्षे शिकविला. खिंड मात्र एकदाही पाहिली नव्हती. "काका, एवढी वर्षं शिकवलंत, आता एकदा चालून बघा," असे पुतणीने दूरध्वनीवर म्हटले, आणि मी हो म्हणून बसलो.

घरात ही वार्ता फुटताच रीतसर सभा भरली. चिरंजीवांचे म्हणणे, वडिलांनी जाऊच नये. आणि जावयाचेच तर बसने जावे, या वयात एकट्याने मोटार हाकू नये. सूनबाईंचे म्हणणे, जावे, पण रोज सकाळ-संध्याकाळ दूरध्वनी करावा. नातवाचे म्हणणे, आजोबांनी आपणासही न्यावे. परंतु त्याची शाळा होती. सौभाग्यवतींचे गुडघे त्या वर्षी दुखत होते, म्हणून त्यांच्या येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग दिनदर्शिकेच्या सरलेल्या महिन्याचे पान फाडून त्याच्या पाठीवर त्यांनी एक यादी लिहिली आणि मजपुढे ठेवली.

"मोटार न्यायचीच असेल तर थेट जायचं नाही," त्या म्हणाल्या. "वाटेत आपली चार घरं आहेत. प्रत्येक घरी एक रात्र. म्हणजे एका दिवसात फार हाकणं होणार नाही, आणि माझे डबेही पोचतील."

यादी अशी होती: वाई, वन्सं, गोडा मसाला. सातारा, भाचा, लिंबाचे लोणचे. कऱ्हाड, भाऊजी, थालीपिठाची भाजणी. कोल्हापूर, पुतणी, मेतकूट.

कऱ्हाडच्या ओळीवर माझी दृष्टी थांबली. सौभाग्यवतींनी ते पाहिले आणि डबे पुसावयास त्या आत निघून गेल्या. कऱ्हाडास माझा धाकटा भाऊ राहतो. पुतणी त्याचीच. त्याचे-माझे नऊ वर्षे बोलणे नव्हते.

पुण्याहून कोल्हापूर महामार्गाने सुमारे २३० किलोमीटर आहे. सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास पोचतो. तेवढ्या वाटेस चार दिवस लावणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे प्रथम मलाही वाटले. परंतु ज्याने आयुष्यभर मेघदूत शिकविले त्याने आडवाटेचा कंटाळा करणे शोभत नाही. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर बसून मेघास अलकेची वाट सांगतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे आपण बहुधा समजतो. मेघास जावयाचे कैलासाच्या अंगावर वसलेल्या नगरीस; काम निकडीचे. तरीही यक्ष त्यास सरळ उत्तरेस धाडीत नाही. थकलास तर पर्वतावर विसावा घे, क्षीण झालास तर नद्यांचे पाणी पी, असे सांगतो; आणि उज्जयिनी वाटेवर नसतानाही मुद्दाम वळसा घेऊन ती पाहून जा, असा आग्रह करतो. वर्गात हा भाग आला की एखादा चलाख विद्यार्थी विचारी, "सर, एवढी घाई, तर वळसा कशाला?" मी त्यास काव्यसौंदर्याचे काहीतरी उत्तर देऊन पुढे जात असे. ते उत्तर अपुरे होते, हे मला या प्रवासात उमगले.

एकट्याने मोटार हाकण्याविषयी समवयस्क वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालविण्याच्या परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांपुरतेच होते. तेव्हा निघण्यापूर्वी त्यावरील तारीख पाहावी. गाडीची कागदपत्रे, विमा, दिवे, वायपरचे रबर, चाकांतील हवा आणि स्टेपनी हे सर्व आदल्या दिवशी तपासावे. सूर्योदयानंतर निघावे आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामास पोचावे. तास-दीड तासाने गाडी उभी करून पाय मोकळे करावेत. पावसात पुढील गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर राखावे. चालत्या गाडीत दूरध्वनी घेऊ नये, मग तो सूनबाईंचा का असेना.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी ४ जुलैस, मी सकाळी सात वाजता निघालो. कात्रजचा बोगदा मागे टाकला, सारोळ्याजवळ नीरा ओलांडली, शिरवळास चहा घेतला, खंबाटकीचा घाट बेताबेताने चढलो आणि सुरूरच्या फाट्यावरून वाईस वळलो. एकंदर सुमारे ९० किलोमीटर. मला तीन तास लागले. एकट्याने जाताना एक गंमत अनुभवास येते. पहिला तासभर मनुष्य स्वतःशी मोठ्या रुबाबाने बोलतो. त्यानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही, आणि मग ज्या गोष्टी विचारात घ्यावयाच्या नव्हत्या त्या एकेक करून शेजारच्या रिकाम्या आसनावर येऊन बसतात.

वाईस माझी थोरली बहीण गणपती आळीत राहते. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा साताऱ्यास डॉक्टर आहे, परंतु तिला नदी सोडवत नाही. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आम्ही मुलांस सांगत आलो. हल्ली आपण दूरध्वनी करून, दिवस आणि वेळ कळवून जातो, तेव्हा आपणास 'सतिथी' म्हणावे लागेल, असे मी ताईस म्हटले. ती म्हणाली, "तू सतिथी म्हणून पुरण शिजलं तरी. नाहीतर पिठलं मिळालं असतं." गडावर जाणाऱ्याने हलके अन्न खावे, असा माझा निश्चय पहिल्याच पंगतीस मोडला.

संध्याकाळी आम्ही घाटावर बसलो. ढोल्या गणपतीच्या मागच्या बाजूस कृष्णेचे गढूळ पाणी वाहत होते. ताईने माझ्या चालीची सविस्तर चौकशी केली: बरोबर कोण, रात्री कोठे निजणार, पाय घसरून पडलास तर खाली कोण आणणार. सर्व उत्तरे मी पुतणीकडून पाठ करून आलो होतो, तेव्हा तिचे समाधान झाले. मग तिने सहज विचारले, "कऱ्हाडला किती दिवस?"

"डबा द्यायचा आहे. फाटकाशी देऊन पुढे जाईन म्हणतो."

ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा काशीला निघाले तेव्हाची गोष्ट आई सांगायची, आठवते? माणूस परत येईलच असं तेव्हा कुणी धरून चालत नसे. आजोबांनी आधी वाण्याची बाकी दिली. मग गावात ज्याच्याशी बांधावरून कज्जा होता त्याच्या घरी गेले. सोयऱ्याधायऱ्यांकडे त्याच्यानंतर. तू मोठा सहासष्ट वर्षांचा होऊन डोंगरावर चाललास, आणि सख्ख्या भावाच्या फाटकाशी डबा ठेवणार! तू भाऊ आहेस की टपालवाला?"

यावर मजपाशी उत्तर नव्हते. "पाणी वाढतंय वाटतं," असे काहीतरी बोलून मी उठलो.

बुधवारी सकाळी ताईने वाईची हळद आणि केळफुलाची भाजी डिकीत ठेवली आणि मी साताऱ्यास गेलो. अंतर पस्तीसएक किलोमीटर. भाच्याने दवाखाना संपवून दुपारी माझा रक्तदाब पाहिला, तो ठीक निघाला. मग माझी सॅक पाहिली, ती मात्र नापास झाली. वजनकाट्यावर ती ११ किलो भरली. "मामा, तुमचं वजन बासष्ट. या वयात त्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ओझं पाठीवर नको," असे म्हणून त्याने एकेक वस्तू बाहेर काढली: पितळी तांब्या, दोन धोतरे, मोठी विजेरी, साबणाची वडी, आणि इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक. आत ठेवले ते एवढेच: अंगावरचे सोडून एक कोरडा जोड, मोज्यांचे दोन जास्तीचे जोड, पातळ पांघरूण, पावसाचा अंगरखा, लहान विजेरी, पाण्याची बाटली, साखर-मिठाच्या पुड्या आणि माझ्या नेहमीच्या गोळ्या, औषधाच्या चिठ्ठीसह, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. "चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. उतरताना गुडघा दुखावतो, तो घरी येऊनही जात नाही. म्हणून काठी उतारासाठी, चढासाठी नव्हे," हे त्याचे वाक्य मी आता ज्यास त्यास सांगत असतो.

रात्री अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी दिवे दिसत होते. मला महर्षी कर्व्यांची गोष्ट आठवली. सन १८७५ मध्ये, सतरा वर्षांचे असताना, ते कोकणातील मुरूडहून डोंगर ओलांडून पायी साताऱ्यास परीक्षेसाठी आले; आणि वय लहान दिसते एवढ्यावरून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. आले तसे परत गेले. या गोष्टीचे तात्पर्य मी मुलांस चिकाटी म्हणून सांगत असे. त्या रात्री मला तिची दुसरी बाजू दिसली. एवढी वाट तुडवून कोणी दारी येतो, आणि आतील मनुष्य त्याच्यात काय उणे आहे तेवढेच पाहतो. आमच्या मास्तरकीत हे पाप फार घडते.

आता कऱ्हाडची गोष्ट सांगितली पाहिजे.

वडिलांच्या पश्चात कऱ्हाडचे घर आम्हा दोघा भावांचे झाले. मी पुण्यास नोकरीत, तो एस. टी. च्या आगारात कारकून, घर त्यानेच राखले. लहानपणापासून त्याचे मन पुस्तकात कमी आणि रानावनात अधिक. सन २०१४ मध्ये त्याने मला पत्र लिहून घरामागील परसाची जागा विकण्यास संमती मागितली. कारण लिहिले नव्हते. त्या परसात आईची तुळस होती, आडाशेजारी प्राजक्त होता. मला संताप आला. संतापलेल्या मनुष्याने काय करावे हे सांगणारी सुभाषिते मला पुष्कळ पाठ आहेत. परंतु मी काय केले ते ऐका. लाल शाईचे पेन घेतले, त्याच्या पत्रातील ऱ्हस्वदीर्घाच्या सतरा चुका दुरुस्त केल्या, खाली 'पुन्हा लिहून आणणे' असा शेरा मारला, आणि तेच पत्र त्यास परत टपालाने पाठविले.

संमतीची सही पुढे वकिलामार्फत दिली. जागा विकली गेली. तो पैसा पुतणीच्या पुढील शिक्षणाकडे गेला, हे मला दोन वर्षांनी तिऱ्हाइताकडून समजले. तोवर मौन घट्ट झाले होते. मी थोरला, मी प्रथम कसा बोलू, आणि तो धाकटा, त्याने प्रथम बोलावयास नको काय, या विचारात नऊ वर्षे गेली. पुतणीने मात्र या वितुष्टाची कधी दखल घेतली नाही. तिचे दूरध्वनी येत राहिले.

गुरुवारी साडेदहाच्या सुमारास कऱ्हाडास पोचलो. घरी न जाता गाडी प्रथम नदीकडे नेली. कृष्णा आणि कोयना दोघींचा उगम महाबळेश्वरी. दोघी निरनिराळ्या खोऱ्यांतून लांबचा फेरा घेतात आणि कऱ्हाडास एकमेकींच्या अगदी समोरासमोर येऊन मिळतात. म्हणून यास प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी येथेच आहे. आम्ही दोघे भाऊ या पाण्यात पोहावयास शिकलो. अर्थात तो शिकला आणि मी काठाशी राहिलो. अर्धा तास मी तेथे उभा होतो. अखेर भाजणीच्या डब्याचा धीर धरून घराकडे वळलो.

भाऊ ओट्यावरच होता. केस पार पांढरे झालेले. तो पायऱ्या उतरून आला, माझ्याकडे न पाहता गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या डाव्या चाकापाशी वाकला आणि म्हणाला, "दादा, खिळा लागलाय. हवा निम्मी गेलीय. असाच आलास साताऱ्याहून?"

नऊ वर्षांनंतर हे पहिले वाक्य. मी म्हटले, "काल तर तपासलं होतं." तो म्हणाला, "खिळा काय विचारून लागतो?" आणि जॅक काढावयास त्याने डिकी उघडली. त्याने जॅक लावला, मी पाना धरला. पावसाची भुरभुर चालू होती. आतून भावजयीचा आवाज आला, "अहो, दादांना आधी घरात तरी घ्या!" स्टेपनी बसेपर्यंत आम्ही दोघेही आत गेलो नाही. हातास काम होते म्हणून तोंडास निकड पडली नाही, आणि ते फार बरे झाले.

दुपारी पंक्चर काढून आणले. संध्याकाळी त्याच भाजणीची थालीपिठे झाली. "वहिनींच्या हातची भाजणी आहे, ओळखली मी," असे भावजय दोनदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. परसाच्या जागी आता तीन मजल्यांची इमारत आहे. प्राजक्ताची एक फांदी मात्र भावाने कुंडीत लावून जगविली आहे, ती ओट्याच्या कोपऱ्यात होती. मी ती पाहिली. त्याने मला पाहताना पाहिले. कोणी काही बोलले नाही.

रात्री जेवणानंतर ओट्यावर बसलो असता मी म्हटले, "ते लाल शाईचं पत्र. मी चुकलो रे."

तो बराच वेळ सुपारी कातरीत राहिला. मग म्हणाला, "सोळा चुका माझ्या होत्या. सतरावी नव्हती. 'वडिलोपार्जित' मी बरोबर लिहिलं होतं. तू डि दीर्घ केलास."

मी शब्द मनात फोडून पाहिला. त्याचे म्हणणे खरे होते. संतापात माझ्या लेखणीने बरोबर शब्द चुकीचा केला होता, आणि शब्द तरी कोणता! मी विचारले, "मग कळवलं का नाहीस?"

"तू पुन्हा लिहून आणायला सांगितलं होतंस. आणायचं म्हणजे तुझ्या दारी यायचं. ते मला जमलं नाही." सुपारीचा एक तुकडा मजपुढे करून तो म्हणाला, "तुला जमलं, बरं झालं."

यानंतर त्याने पुतणीचा विषय काढला, मग पन्हाळ्याचा. ही वाट तो तरुणपणी अनेकदा चालला होता. आत जाऊन त्याने वहीचे पान आणले आणि मजसाठी वाटेचे टाचण लिहून दिले. पन्हाळ्याच्या उतारावर शेवाळलेल्या दगडावर पाऊल देऊ नये, शेजारच्या मातीवर द्यावे. म्हाळुंगे सोडून मसाई पठारावर चढल्यावर धुके आले तर एकट्याने पुढे जाऊ नये. पठार मोठे आहे आणि सगळ्या दिशा सारख्या दिसतात. भातखाचरातून जाताना बांधावरून चालावे, लोकांचे तरू तुडवू नये. ओढ्याचे पाणी गुडघ्यापर्यंत आणि जोराचे असेल तर बसून वाट पाहावी. पाऊस थांबला की तासा-दोन तासांत ओढा उतरतो. जळवांसाठी पुडीत मीठ ठेवावे. पांढरपाण्यास बाटली भरून घ्यावी. आणि शेवटी: 'गुडघा दुखला तर गाडीरस्ता लागेल तिथे गाडीत बसणे. शरम नाही.' टाचणात 'पाणी', 'काठी' आणि 'हळू' या तीन शब्दांचा अखेरचा स्वर ऱ्हस्व होता. मी ते पान घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवले.

शुक्रवारी वारणा आणि पंचगंगा ओलांडून दुपारपर्यंत कोल्हापुरास पोचलो. पुतणीने मेतकुटाचा डबा घेतला, सॅक उचलून पाहिली आणि "शाब्बास काका" म्हणाली. त्याचे श्रेय मी साताऱ्यास दिले. मग मी ते टाचण तिच्या हाती दिले. तिने वडिलांचे अक्षर ओळखले, एकवार वरपासून खालपर्यंत वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि चहा टाकते म्हणून आत गेली. तो चहा यावयास पुष्कळ वेळ लागला.

शनिवारी पहाटे पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी आम्ही जमलो. कोल्हापुराहून हा गड वीसएक किलोमीटर. मोरोपंतांचा जन्म येथलाच, सन १७२९ चा. परंतु आर्या आठवण्यास तेव्हा सवड नव्हती. चालीविषयी लिहिणार नाही असे आरंभी सांगितले आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. पहिल्या दिवशी मसाई पठारावर दोन तास धुके होते आणि आम्ही एकमेकांस हाका मारीत चाललो. रात्री करपेवाडीस एका घरी निजलो. दुसऱ्या दिवशी डाव्या गुडघ्याने कुरकूर आरंभिली. गाडीरस्ता लागला तेव्हा मी टाचणाची आज्ञा पाळून सरळ गाडीत बसलो आणि पांढरपाण्यापासून पुन्हा मंडळींबरोबर पायी खिंडीत उतरलो. खिंडीत पाणी वाहत होते. वर्गात मी हा प्रसंग सांगताना आवाज चढवीत असे. तेथे उभे राहिल्यावर माझ्याने बोलवले नाही.

विद्यार्थ्यांच्या जुन्या प्रश्नास आता माझे उत्तर असे आहे. मेघ सरळ रेषेने अलकेस गेला असता तर लवकर पोचला असता, पण वाटेतील नद्यांचे पाणी न मिळाल्यामुळे रिकामा पोचला असता. मी थेट पन्हाळ्यास गेलो असतो तर ११ किलोंची सॅक, दुखरा गुडघा आणि हवा गेलेले चाक घेऊन गेलो असतो. आणि नऊ वर्षांचे जे ओझे कोणत्याही काट्यावर भरले नसते तेही पाठीवर असते. आपल्यात काय उणे आहे हे आपणास स्वतः होऊन कळत नाही. ते ताईस दिसते, भाच्यास दिसते, भावास गाडीभोवती एक फेरी मारताच दिसते.

तेव्हा, वाचकहो, आपल्या घरातील तरुण मुलगा-मुलगी डोंगरावर निघाली, किंवा माझ्यासारखा एखादा हट्टी वृद्ध निघाला, तर त्यास अडवू नये. यादी करून द्यावी. घरे थोडी असावीत, मुक्काम एका रात्रीचा असावा, आधी कळवून जावे, रिकाम्या हाताने जाऊ नये आणि यजमानास काम पडेल असा पाहुणचार मागू नये. आणि त्या यादीत असे एक घर असावे की ज्याच्या ओळीवर दृष्टी थांबते. तेथे डबा फाटकाशी ठेवू नये.

परतताना कऱ्हाडास दोन दिवस राहिलो. भावाने टाचण परत मागितले, तेव्हा खिशातून काढले. औषधाच्या गोळ्या मी प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या होत्या. टाचणास ती बुद्धी सुचली नव्हती. दोन दिवसांच्या पावसात शाई पसरली होती आणि कोणता स्वर ऱ्हस्व, कोणता दीर्घ, हे आता सांगता येत नव्हते. मजकूर मात्र सगळा लागत होता.